दसऱ्याआधी खुडलेल्या कळ्या

"अवो, पळा, भावजींनी सगळं वावर खुडलं," आई ओरडत होती. आवाज असा, की गंगापूर धरणाचं पाणी हललं असणार.

परवा फुलबाजारात चुरगळलेल्या झेंडूचा उग्र वास आला आणि मी थेट लहानपणीच्या त्या बांधावर जाऊन उभा राहिलो.

झेंडूची रोपं लहान असताना शेंडे खुडले, की फुटवा जोरात येतो. सुदामकाका त्यात एवढा तरबेज, की त्याच्या बोटांना घाबरून रोपं आपोआप फुटायची. पण डोक्याच्या आजारानं त्याला दिवसांचं भान उरलं नव्हतं. दसरा आठवड्यावर आला आणि त्यानं कळ्यांनी लगडलेलं वावर साफ केलं. त्याच फुलांवर त्याची वर्षभराची औषधं यायची होती.

काका हिरव्या ढिगापाशी खुशीत बसला होता. "वहिनी, आता बघा, लय फुटवा येईल." त्याची बोटं रिकाम्या हवेतही खुडतच होती. तेव्हा मला हसू आलं. आता त्या बोटांच्या आठवणीनं अंगावर काटा येतो.

आईनं आवाज खाली आणून वडिलांना विचारलं, "मग गोळ्यांचं कसं?"

"एक दिवसाआड देऊ," वडील म्हणाले.