राणीच्या मुलाचे डोळे

मी सातवीत शाळा सोडलेली, चंद्रपूरकडची. औरंगपुऱ्यात ज्या बाईंकडे स्वयंपाकाला लागले, त्या इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. काचबिंदूनं त्यांची नजर गेली तेव्हा त्यांची कादंबरी अर्ध्यावर होती, कॉन्स्टँटिनोपलच्या एका जुन्या सम्राज्ञीवरची. त्यांनी वही माझ्या हातात दिली. जोडाक्षरं चुकली तरी कधी रागावल्या नाहीत. त्या घरानं मला माणसांत आणलं, हे मी विसरत नाही.

रीत ठरलेली होती. दुपारी त्या सांगायच्या, मी लिहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच वाचून दाखवायचं.

एका दुपारी सम्राज्ञीनं गादीसाठी पोटच्या मुलाचे डोळे काढवले. ज्या दालनात तो जन्मला, तिथंच. माझा हात चालेना. माझा मुलगा गावी सासूजवळ, आठ वर्षांचा. कधी फोनवर यायचा, कधी नाही. मी लिहिलं, मुलाला मठात पाठवलं. सकाळी वाचताना मात्र वहीत बघत बाईंचे शब्द आठवून आठवून म्हटले. बाई खूश झाल्या.

पुढं टायपिंगसाठी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आली. तिनं ते प्रकरण, वहीत होतं तसं, बाईंपुढं मोठ्यानं वाचायला घेतलं, तशी मी ओट्याला धरून उभी राहिले.

ती गेल्यावर बाईंनी हाक मारली.

“काय गं, माझ्या राणीला संत केलंस व्हय?”

“चुकलं, बाई.”

“चुकलं नाय, मुद्दाम केलंस. आंधळीला फसवायला लई सोपं असतंय.”

मला रडू फुटलं. पिशवी भरू का, एवढंच विचारलं.

“पिशवी राहू दे. वही घे. मी नाय सांगणार आता. तुला तोंडपाठ हाय ना?”

मी लिहिलं. सळई कुणी तापवली, हात कुणी धरले, तो कुणाला हाका मारत होता. कानात माझ्याच मुलाचा आवाज येत होता, तरी थांबले नाही. मग कागदावर होतं तेच वाचलं.

बाईंनी विचारलं,

“आणि आई कुठं हाय त्या वेळी?”

हे त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं.

“मला नका विचारू, बाई.”

“तुलाच विचारते. लिही.”

मी तिला शेजारच्या दालनात बसवलं. मधलं दार उघडं ठेवलं.