सम्राटापुढचा चिमूटभर धूप

आम्ही जर्मनीत गेर्लिंगेनला राहत होतो तेव्हा माझे सासरे तीन महिन्यांसाठी आले होते. वीज खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. खालच्या मजल्यावरचे आजोबा इतिहासप्रेमींचं एक फेराइन, म्हणजे मंडळ, चालवायचे. त्यांच्या रोमन जत्रेतला पुजारी कमरेच्या ऑपरेशनसाठी ॲडमिट झाला आणि आजोबा थेट आमच्या दारात.

"आल्झो, असं बघा, रोमनांचे पुष्कळ देव होते, तुमचेही आहेत. सासऱ्यांना विचाराल?"

मी म्हटलं, त्यांना लॅटिन येत नाही. ते म्हणाले, बघणाऱ्यांनाही येत नाही, मराठी चालेल.

प्रसंग सोपा होता. सम्राटाच्या प्लास्टरच्या पुतळ्यापुढे एका ख्रिस्ती बाईला आणायचं. पुजाऱ्याने तीनदा सांगायचं, धूप घाल. ती तीनदा नाही म्हणणार, कारण तिच्या धर्मात सम्राटाला देव मानायचं नाही. मग शिपाई तिला शिक्षेसाठी ओढून नेणार. हे सगळं मी सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, नीट समजावलं होतं. त्यांची शंका एकच होती, "पुतळ्याची प्राणप्रतिष्ठा केलीय का?" नाही म्हटल्यावर ते जरा नाराज झाले, पण पांढरं कापड सोवळ्यासारखं व्यवस्थित नेसले आणि चपला काढून उभे राहिले. शेजारी अग्निशमन दलाचे एक गृहस्थ आग विझवायचा सिलिंडर घेऊन बसले होते. परवानगी एकाच चिमटीची होती.

ख्रिस्ती बाई म्हणजे निवृत्त पोस्टमनबाई, चर्चच्या गायनमंडळातल्या. बाबा म्हणाले, "घाला हो बाई." त्या म्हणाल्या, "नाइन." तिसऱ्या नाइननंतर शिपायांनी त्यांचे दंड धरले, तसे बाबा मध्येच पडले.

"अहो, बायकांच्या अंगाला हात लावता? नको म्हणतायत ना त्या? मग मी घालतो त्यांच्या वतीने!"

आणि मूठभर धूप पुतळ्यापुढच्या निखाऱ्यांवर टाकला.

मी लोकांत बसले होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि खऱ्या आवाजात विचारलं, "काय म्हणाले ते?" मी सांगितलं. त्या लालबुंद झाल्या. "माझ्या वतीने? माझ्या वतीने कुणीही काही घालायचं नाही!"

मला उठून मध्ये जावं लागलं.

"बाबा, त्या म्हणतायत, हे चालत नाही."

"का नाही? मी नाही का तुझ्या सासूच्या वतीने अभिषेक करत?"

हे मी जर्मनमध्ये सांगितलं. बाई म्हणाल्या, सासूबाईंना विचारलं होतं का? हे मी मराठीत सांगितलं. बाबांनी कापडाचा काठ सारखा केला. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, रोमन काळात दुभाषे असायचेच. एवढ्यात धूर इतका वाढला की अग्निशमनवाल्यांनी उठून सम्राटाच्या तोंडावर फेस मारला.

फेसाने माखलेल्या सम्राटासमोर बाबांनी हात जोडले. "बरं बाई, तो धूप तुमचा नाही धरला. तो माझा." मी भाषांतर केलं. बाईंनी मान डोलावली, हात पुढे केला, बाबांनी तो हातात घेतला. शिपायांनी विचारलं, आता हिला न्यायचं का? मंडळाचे आजोबा डोकं धरून बसले होते. त्यांनी काही म्हणायच्या आतच बाई ओरडल्या, "अर्थातच! सहा आठवडे तालीम केलीय मी." आणि दोन शिपायांच्या पुढे ताठ मानेने स्वतःच चालत गेल्या.

परतताना बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. कापडाची घडी मांडीवर होती.

"खरंच मारायचे का गं ख्रिस्ती लोकांना? चिमूटभर धुपासाठी?"

"काही ठिकाणी, हो."

"आणि बघायला आलेले लोक?"

"ते बघायचे."

त्यांनी घडी उलगडली, पुन्हा घातली. "उद्या त्या बाईंना पोहे नेऊन देऊ," ते म्हणाले. "पण आधी विचार. खातात का ते."