डॉक्टरांसमोर मिटलेली मूठ

"पंधरावी शिकलीस नव्हं, मंग सांग की, माझं सांधं कशानं दुखत्यात?" आई वर्षभर विचारतेय. घरात पदवी माझ्या एकटीकडे आहे, पण उत्तर नाही.

सकाळी तिची मूठ मिटत नाही, गुडघा सुजतो. भाकरी थापता येत नाही. म्हणून आज तिला मुळशीहून पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "मूठ मिटा." आईनं झटकन मिटली! गुडघ्यालाही सूज नाही.

"काही औषध घेतलंय?"

"न्हाई," आई म्हणाली.

बाहेर आल्यावर हसून सांगते, "काल गावात दुखण्यावरची सुई घेतली. मोठ्या डॉक्टरापुढं लंगडत जायाचं व्हय? बरं दिसतं का?"

तिला परत आत नेलं, खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "सुईनं सूज दबलीय, आता काही कळणार नाही. आठवड्यानं आणा. सुई न घेता, सूज असताना."

म्हणजे आठ दिवस तिनं कळवळायचं आणि मी बघायचं. तुमच्यापैकी कुणी आपल्या माणसाला असं दुखू दिलंय का?

आई संध्याकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. कारण येताना गावातल्या दवाखान्यात थांबून मी तिच्यादेखत सांगून आले, तपासणी होईपर्यंत हिला सुई देऊ नका.