युसूफभाईंच्या हिरड्या

युसूफभाई बोलताना तोंडासमोर रुमाल धरत. बुधवार पेठेतल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात पहिल्यांदा आले, तेव्हा खुर्चीत बसल्यावरही त्यांनी तो लवकर हटवला नाही. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा हा माणूस. तोंडाला वास येतो म्हणून साथीदार जरा लांब उभे राहतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

हिरड्या लालभडक, सुजलेल्या. वरचे समोरचे दोन दात हलत होते, आणि क्लॅरिनेट टेकतं ते नेमकं त्याच दातांवर.

"रक्त कधीपासून येतंय?"

"असतील सात-आठ वर्षं."

"आणि आज सवड झाली?"

"दुखलं नाही ना कधी."

मी चिडले. हिरडीखालचं हाड न दुखताच झिजतं, गेलेलं परत येत नाही, असं बरंच सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहो, मी शाळेत उशिरा आलेला मुलगा नाही. काय वाचेल तेवढं सांगा." मी ओशाळले.

तपासणीत रक्तातली साखरही वाढलेली निघाली. तिचं औषध सुरू झालं. मी चार खेपांत हिरड्यांखालचं कीटण खरवडून काढलं, हलणारे दात आतून तारेने बांधले. ऐन लग्नसराईत तीन महिने वाजवणं बंद. त्यांनी एकही खेप चुकवली नाही.

रक्त थांबलं. ते पुन्हा वाजवू लागले. पण दोन वर्षांनी ते दोन दात पुन्हा हलायला लागले.

"गोड बोलू नका, डॉक्टर. जाणार ना?"

"हो."

"रविवारपर्यंत ठेवा. पुतणीचं लग्न आहे."

त्या लग्नाला मी गेले. युसूफभाई डोळे मिटून वाजवत होते. सोमवारी सकाळी ते आपणहून आले आणि मी दोन्ही दात काढले. पुढे कवळी बसवली, पण तिच्यावर त्यांचा सूर काही लागला नाही. क्लॅरिनेट त्यांनी पुतण्याला देऊन टाकलं.

तरी दर तीन महिन्यांनी ते तपासणीला येतच राहिले. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वाजवणं गेलं. जेवण आहे ना अजून."

शेवटच्या खेपेला मी त्यांच्या हातात आरसा दिला. हिरड्या फिक्या गुलाबी, घट्ट होत्या. ते बराच वेळ पाहत राहिले.

"अशा असतात होय?"

"हो."

"बघितल्याच नव्हत्या कधी," ते म्हणाले.

त्यानंतर महिन्याभरात ते गेले. हृदयविकाराचा झटका आला होता.