हाताने करू नकोस

मुलुंडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात प्रत्येक सभासदाचं एक आरोग्यपत्रक असतं: नाव, वय, रक्तगट, चालू औषधं आणि काही झालं तर फोन कोणाला करायचा. शहाऐंशी पत्रकं एकाच एक्सेल फाइलमध्ये, एकेका शीटवर. फाइल ह्यांनी केलेली. अंधेरीच्या कारखान्यात आयुष्यभर असल्याच फाइली केल्या आणि निवृत्त झाल्यावर संघाच्या मागे लागले. वय कोणी भरायचं नाही. जन्मतारीख आणि आजची तारीख बघून शीट ते आपोआप काढतं.

हे गेल्यावर दोन वर्षं पत्रकं कोणाला गेलीच नाहीत. यंदा आरोग्य शिबिर ठरलं आणि सगळे माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्हीच करा ना, पासवर्ड तुमच्याकडेच आहे." ज्याचं पत्रक त्याच्या मोबाइलवर पाठवायचं, एवढंच काम. मी एक शीट उचलून नव्या फाइलमध्ये टाकलं आणि दिलं पाठवून. दहा मिनिटांत शेजारच्या इमारतीतल्या मैत्रिणीचा फोन.

"अगं, माझ्या वयाच्या जागी काहीतरी जाळीचं चिन्ह आणि इंग्रजी अक्षरं आलीत."

"बरंय की. नाहीतरी तू खरं कुठे सांगतेस?"

हसलो दोघी, पण माझं डोकं उठलं. शीटमधली सूत्रं मूळ फाइलच्या पहिल्या शीटवरच्या जन्मतारखांच्या यादीला बांधलेली होती, शीट एकटं बाहेर पडलं की त्यांना काही सापडेना. सूत्रं मागे ठेवून फक्त आकडे न्यायचे असतात, हे मला शोधून शोधून कळलं. मग एकेक शीट, नवी फाइल, नाव, सेव्ह. सकाळभर बसून अकरा झाली आणि मान धरली.

तेव्हा पहिल्या शीटच्या कोपऱ्यातल्या करड्या बटणाकडे लक्ष गेलं. त्यावर ह्यांनी लिहून ठेवलं होतं, 'हाताने करू नकोस'. हे मला मॅक्रो, म्हणजे एका बटणात सगळं काम उरकणाऱ्या ओळी, शिकवायला बसले की "मला नको तुमचं ते मॅक्रो-बिक्रो" म्हणून मी उठून जायची. माणसाने मला पुरतं ओळखलं होतं.

बटण दाबलं. स्क्रीन थरथरली. शीटं उघडत होती, मिटत होती, फोल्डरमध्ये नावामागून नाव येत होतं. चहाला आधण येईपर्यंत शहाऐंशी फाइली तयार. मी आ वासून बघत राहिले. गेलेल्या माणसाने टाइप केलेल्या पंधरा-वीस ओळी माझ्यासमोर त्याचं काम करत होत्या.

शहाऐंशींत ह्यांचीही फाइल होती. शीट काढून टाका, असं संघाने केव्हाच सांगितलं होतं. मी हो हो म्हणून राहू दिलं होतं. फाइल उघडली. वय चौऱ्याहत्तर.

हे गेले तेव्हा बहात्तरचे होते. त्या शीटला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून ते रोज आजची तारीख बघून ह्यांचं वय वाढवत राहिलं होतं. खरं सांगते, क्षणभर मला फार बरं वाटलं. पण ह्यांना चुकीचा आकडा खपत नसे, आणि नव्या फाइलमध्ये तोच आता सूत्राविना कायमचा बसला होता.

मूळ शीटवर गेले. सूत्रातली आजची तारीख खोडून तिथे ती तारीख लिहिली. आठ आकडे टाइप करायला मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. वय बहात्तर झालं. पुन्हा बटण दाबलं. ह्यांची नवी फाइल उघडून वयावर क्लिक केलं. वरच्या पट्टीत नुसतं बहात्तर, मागे सूत्र नाही. मग मूळ फाइलमधलं ह्यांचं शीट काढून टाकलं.

उरली पंच्याऐंशी. त्यात एक माझं, सूत्रासकट, वय एकाहत्तर. पुढच्या चैत्रात मी ह्यांच्या वयाची होईन आणि त्याच्या पुढच्या चैत्रात ह्यांच्याहून मोठी.