आक्कांची हळद आणि माझा माईक

मी एका बाईची चोख हळद भेसळीची ठरवली. तेही तिच्यादेखत, माईकवरून. त्या वेळी मी कुपवाडच्या एका प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासत होतो. म्हणजे हा माझा रोजचाच धंदा. नवखा होतो असंही म्हणायची सोय नाही.

आक्का वाळव्याकडच्या, कृष्णाकाठच्या. दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे. "लगीन होऊन चाळीस वर्सं झाली, हळद अजून उतरली न्हाई," असं म्हणून समोरच्याच्या आधी स्वतःच हसायच्या. गावातल्या दहा-अकरा बायका जमवून हळद शिजवण्यापासून दळण्यापर्यंतचं सगळं काम त्यांनी उभं केलं होतं.

गिऱ्हाइकाने भाव विचारला की त्या आधी त्याच्या तळहातावर चिमूटभर पूड टाकून अंगठ्याने चोळत. "आदी हुंगा, मग बोला." न हुंगता पुडा उचलणाऱ्यालाही त्या माल देत, पण तो वळला की माझ्याकडे बघून मान हलवत, जणू पोरगं परीक्षेत नापास झालंय.

साताऱ्याला बचत गटांचं प्रदर्शन होतं. तिथे माझं 'भेसळ ओळखा'चं टेबल आणि आक्कांचा स्टॉल शेजारी-शेजारी. तीन दिवस त्यांच्या डब्यातली भाकरी मी हक्काने खाल्ली. शेवटच्या दिवशी त्याच म्हणाल्या, "सायेब, आमची बी तपासा की समद्यांफुडं." महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याला त्यांनी मुद्दाम बोलावून पुढे उभं केलं होतं. तो वर्षभराची हळद घेणार होता. तपासणी तेवढी डोळ्यांनी बघायची होती.

मी पूड नळीत टाकली, वर ॲसिडचे थेंब सोडले. नळी गुलाबी झाली. आता, चोख हळदही ॲसिडने गुलाबी होते. पुढे पाणी घालायचं असतं. रंग गेला तर हळद खरी. राहिला तर कारखान्यातला पिवळा रंग मिसळलेला. हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण तपासणीसाठी आणलेलं बाटलीभर पाणी भाषण करता करता मीच पिऊन बसलो होतो. समोर गर्दी, हातात माईक. थांबायचं कुणी? नळी उंच धरली आणि ठोकून दिलं, "बघा! घरगुती म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नका."

टाळ्यासुद्धा पडल्या. हॉटेलवाला आक्कांकडे न बघता निघून गेला. आक्कांनी स्वतःच्या तळहातावर चिमूट घेतली, चोळली, हुंगली. मग परत हुंगली.

तासाभराने मंडपामागच्या नळावर मी नळ्या धुवायला बसलो. पाण्याची धार पडली आणि गुलाबी रंग बघता बघता गेला. पळत आलो तर स्टॉल रिकामा. आक्का एसटी स्टँडवर गेल्या होत्या. स्टँड दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. नळ्या मात्र त्या दिवशी फार स्वच्छ धुतल्या.

आठ दिवसांनी शिक्क्याचा कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. हळद शुद्ध असल्याचं त्यात नीट लिहिलं होतं. चुलीपाशी बसून, हळू आवाजात, चूक झाली म्हणालो. आक्कांनी कागदाला हात लावला नाही.

"बोललासा माईकवर, आन् मापी सैपाकघरात मागतायसा व्हय?"

गुरुवारच्या बाजारात त्यांनी एका भांडेवाल्याचा भोंगा मागून घेतला. मी पुन्हा नळी धरली, ॲसिड घातलं, पाणी घातलं, आणि पहिल्या वेळी पाणी कुठे गेलं होतं तेही सांगितलं. बाजार हसला. आक्का हसल्या नाहीत. माझ्या तळहातावर चिमूट टाकून त्यांनी अंगठा फिरवला. "हुंगा." मी हुंगली. "आता बोला."

हॉटेलवाल्याला मीच फोन केला. त्याने दुसरीकडून माल भरला होता. त्या वर्षी त्या बायकांची हळकुंडं न दळताच सांगलीच्या बाजारात इतरांच्या मालात गेली. आक्कांचं नाव कुठल्याच पुड्यावर आलं नाही.

तरी पुढे दर वर्षी माझ्याकडे एक पुडा यायचा. त्यावर पेनाने लिहिलेलं असे, 'तपासून घ्या'. मी हुंगून डब्यात भरत असे.

यंदा पुडा आला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, आक्का थंडीतच गेल्या. भेटायला गेलो. सोप्यात चार माणसं बसली होती. त्यातल्या एकाने विचारलं, पाव्हणं कोण? कुणीतरी ओळख देण्याआधीच आतून सूनबाई तांब्या घेऊन आली आणि तो माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "आत्तीला माईकवर खोटी पाडल्यालं सायेब. ह्यास्नी आदी पाणी पाजा. तहान लागली की कुणाला बी खोटं पाडत्यात."