हळदीच्या गिरणीचा नारळ

नारळपाण्याचा वास आला, की मला माझ्या हळदीच्या गिरणीचा पहिला दिवस आठवतो. बी.कॉम. होऊन नांदेडात दोन वर्षं रिकामा फिरल्यावर उद्योजकतेचं प्रशिक्षण घेतलं होतं, आणि गिरणी चालताना बघूनच बँकेचे साहेब कर्जाच्या उरलेल्या रकमेवर सही करणार होते. पूजेच्या जोशात मी नारळ गिरणीच्या तोंडावरच फोडला. बटण दाबलं तशी ती खडखडली आणि गप्प झाली, करवंटी आत! "हेच शिकून आलास व्हय रं?" वडील पुटपुटले. साहेबांनी पेन खिशात ठेवलं. "मिस्त्री कधी येणार?" "मीच हाय की साहेब," म्हणत मी बटण बंद करून पाना लावला. अर्ध्या तासानं पिवळी पूड पडली, तेव्हा पेन परत बाहेर आलं. आज गिरणीत सहा पदवीधर कामाला आहेत; पूजेचा नारळ मात्र ते माझ्या हाती लागू देत नाहीत.